बारशाच्या घुगऱ्या आणि वाढदिवसाच्या पिशव्या

"तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, मला नको शिकवू." पारावरचा म्हातारा कधी ना कधी सरपंचालाही असे सुनावतो आणि सरपंच गप्प बसतो. कारण ते खरे असते. ज्या दिवशी पाळण्यात नाव ठेवले, त्या दिवशी भिजवलेले हरभरे उकडून गल्लीभर वाटले गेले. ज्याने मूठभर खाल्ले, तो त्या लेकराचा साक्षीदार झाला. पुढे चाळीस-पन्नास वर्षे त्या मूठभर हरभऱ्यांवर तो हक्क सांगतो आणि कोणी तो नाकारत नाही.

या घुगऱ्यांच्या शेजारी आता आमच्या नांदेड-लातूरच्या खेड्यांत एक नवी वस्तू येऊन बसली आहे. रंगीत कागदाची किंवा प्लास्टिकची लहान पिशवी. आत एक पेन्सिल, खोडरबर, दोन चॉकलेटे, एखादी शिट्टी नाहीतर प्लास्टिकची गाडी. लेकराच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांना जाताना ही पिशवी द्यायची. तिला म्हणतात रिटर्न गिफ्ट. शहरातल्या घरांतून हा रिवाज आधी तालुक्याला आला, आणि इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून आता वाडी-तांड्यावर उतरला आहे. पिशवी द्यावी की नाही, हा प्रश्न वरवर बायका-पोरांचा वाटतो. तसा तो नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या पैशाचा, गल्लीतल्या लेकरांच्या मनाचा आणि काही अंशी ग्रामपंचायतीचाही तो प्रश्न आहे.

१ जूनची पिढी

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आज जे आजोबा-आजी आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना वाढदिवसच नव्हता. शाळेत नाव घालायला बाप गेला की गुरुजी विचारत, "जन्म कधीचा?" बाप सांगे, "मोठ्या दुष्काळाच्या आधल्या साली, पोळ्याच्या आसपास." शाळा जूनमध्ये सुरू होई, पोर सहा वर्षांचे भरले पाहिजे, म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. गावातली अर्धी पिढी अशी एकाच दिवशी जन्मली. तिच्यातले जे नोकरीला लागले, ते सगळे ३१ मे रोजी एकदमच निवृत्त होतात आणि त्या दिवशी पंचायत समितीत हार कमी पडतात. १ जूनला मोबाइलवर शुभेच्छांचा पूर येतो तो यामुळेच.

ज्यांचा वाढदिवस गुरुजींनी ठरवला, त्यांना नातवाचा वाढदिवस थाटात करावासा वाटला तर त्यात चूक काही नाही. पूर्वी घरात तिथीने औक्षण होई, कपाळाला कुंकू, हातावर साखर, आणि लेकरू रानात पळे. आता केक आला, मेणबत्ती आली, गाणे आले. एक बदल तर मोठा चांगला झाला. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असा भेद करणाऱ्या घरांतून आज मुलीचा वाढदिवसही तेवढ्याच हौसेने होतो. तेव्हा वाढदिवसाला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही.

पंचवीस पिशव्या, एकेचाळीस लेकरे

हा विषय सुचला तो आमच्याच घरात. दिवाळीनंतर पुतण्याला पाचवे वर्ष लागले. तो बालवाडीला तालुक्याला जातो. वर्गातल्या दोन-तीन वाढदिवसांतून पिशव्या घेऊन आला होता, म्हणून त्याचा हट्ट आणि त्याच्या आईचाही आग्रह. तिचे म्हणणे सरळ होते, "आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरून घेऊन येतंय, मग आपण रिकाम्या हातानं लावून द्यायचं का?" याला उत्तर देणे सोपे नाही.

भावाने हिशेब केला. पिशवी तीस रुपयांची, अशा पंचवीस, झाले साडेसातशे. केक सातशे. फुगे, माळा आणि लेकराच्या फोटोचे फ्लेक्स मिळून साडेसहाशे. पुरी-भाजी, जिलेबी आणि गॅस सत्तावीसशे. फोटोवाला पाचशे. एकूण पाच हजार तीनशे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. म्हणजे एका संध्याकाळी एक क्विंटल सोयाबीन गेले, तेही बाजारात हमीभाव हाती पडला असे धरून. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या भागातल्या कितीतरी शेतांतली सोयाबीन पाण्यातच राहिली. त्या वर्षी एक क्विंटल म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

संध्याकाळी केक कापला. यादीत पंचवीस पोरांची नावे होती. अंगणात एकेचाळीस आली. खेड्यात असेच होते. एकाला बोलावले की त्याच्या कडेवर धाकटा असतो, मागे चुलतभाऊ असतो, आणि गाणे ऐकून पलीकडच्या गल्लीतली चार येतात. त्यांना कोणी आगंतुक म्हणत नाही. आमच्या सालगड्याची मुलगीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली होती. तिला कोणी बोलावले नव्हते आणि बोलावले नव्हते असेही नाही, कारण ती रोजच अंगणात असते.

पिशव्या वाटायला सुरुवात झाली आणि पंचविसाव्याला संपल्या. सोळा लेकरे उभी. भावजयीने घाईघाईने बिस्किटाचे पुडे फोडले आणि दोन-दोन हातावर ठेवले. लेकरांनी घेतले, पण त्यांची नजर दुसऱ्यांच्या पिशवीवर. ज्यांना मिळाली, ती तिथेच उघडून शिट्ट्या वाजवू लागली. ज्यांना मिळाली नाही, ती कोणी रडली नाहीत. ती फक्त थोडी मागे सरकून उभी राहिली. ते बघवले नाही.

आमची आई उठली, आत गेली आणि सुपात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. एकेकाच्या ओट्यात, टोपीत, झग्याच्या घोळात ओंजळ-ओंजळ टाकत गेली. पिशवीवाल्यांनाही दिल्या, बिनपिशवीवाल्यांनाही. शेंगा मोजून आणल्या नव्हत्या, म्हणून पुरल्या.

पंधरा दिवसांनी सालगडी सकाळीच ओट्यावर येऊन उभा राहिला. "मालक, पुढल्या महिन्यात पोरीचा वाढदिवस हाय. दोन हजार उचल पाहिजे व्हती." भावाने विचारले, "आजवर कधी केलास का रे वाढदिवस?" तो खाली बघत म्हणाला, "न्हाई. पण पोरगी ऐकना गेली. पिशवी वाटायची म्हणती."

आमची तीस रुपयांची पिशवी त्याच्या घरी दोन हजारांची उचल होऊन पोचली होती. ती पाडव्याला सालातून कापली जाणार होती. ज्याचे वर्षाचे सगळे गणितच उचलीवर चालते, त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे आम्ही ठेवले, आणि ते ठेवताना आम्हाला कळलेही नाही.

पिशवीला यादी लागते

खेड्यात कोणतीही रीत एका घराची राहत नाही. एका घरी झाली की दुसऱ्या वर्षी गल्लीची होते आणि तिसऱ्या वर्षी ज्याला परवडत नाही त्याची सक्ती होते. आहेराचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. लग्नात कोणी किती घातले ते वहीत लिहायचे, आणि त्याच्या घरी कार्य निघाले की वही काढून तेवढेच किंवा चार रुपये वर चढवून घालायचे. टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस तर एका घरून दुसऱ्या घरी, दुसऱ्या घरून तिसऱ्या घरी फिरत राहतात. न शिवता, न वापरता. मोठ्यांचा हा व्यवहार म्हणून चालून गेला. म्हणून तर लग्नपत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" अशी ओळ छापायची वेळ आली. आता तीच वही पाच वर्षांच्या लेकरांच्या दप्तरात जाणार असेल, तर विचार केला पाहिजे.

संक्रांतीच्या वाणाचेही तेच. तीळगूळ आणि सुगडातले हरभरे, बोरे, उसाची कांडी एवढ्यावर भागत होते. मग वाटी आली, डबी आली, प्लास्टिकची टोपली आली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. यंदा कोणी काय लुटले याची चर्चा त्याहून जास्त दिवस चालते. ज्या बाईला काही लुटणे जमत नाही, ती हळूहळू दुसऱ्यांकडे जायचेही टाळते.

लेकरांना काही देऊच नये, असे आपल्या रीतीत कुठेही नाही. उलट आपल्याकडे देणे फार जुने आहे. बोरन्हाणात काय करतात? लेकराला काळा झगा आणि हलव्याचे दागिने घालून बसवतात. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या ओततात. भोवतालची पोरे ते लुटतात. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचे. तिथे यादी नसते, की नाव पुकारून देणे नसते.

आणि लातूर-धाराशिवकडची येळवस आठवा. वेळ अमावास्येला सगळे गाव रानात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर. त्या दिवशी शहरातला साहेब असो की रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस, ज्याच्या बांधावर पाऊल पडेल तो जेवल्याशिवाय जात नाही. या सणासाठी लातूरला स्थानिक सुट्टी दिली जाते. या भज्जीच्या बदल्यात कोणी कोणाला काही परत करत नाही. त्याची वहीही कोणी ठेवत नाही.

पिशवीत आणि घुगऱ्यांत फरक नेमका हा आहे. पिशवीला यादी लागते, घुगऱ्यांना लागत नाही. माणसे वाढली तर पातेल्यात मूठभर हरभरे वाढतात किंवा वाटणाऱ्याची मूठ जरा आखडते, पण कोणी उरत नाही. पिशव्या मोजून आणलेल्या असतात, म्हणून कोणीतरी उरतोच. आणि खेड्यात कोण उरणार, हे आधीच ठरलेले असते. ज्याचे नाव कोणत्याच यादीत नसते, तोच उरतो.

वाटायचेच असेल तर

तरीही ज्यांना लेकरांच्या हातावर काही ठेवावेसे वाटते, त्यांच्यासाठी आपले रानच पुरेसे आहे. लेकरू कोणत्या महिन्यात जन्मले ते पाहावे. श्रावण-भाद्रपदात मुगाच्या शेंगा आणि मक्याची कणसे असतात. दिवाळीच्या आगेमागे भुईमूग आणि सीताफळ. पौष-माघात हुरडा, बोरे, हरभऱ्याचे ढाळे, उसाची कांडी. चैत्र-वैशाखात टरबूज आणि आंबा. काहीच नसेल त्या दिवसांत घुगऱ्या आहेत, गूळ-शेंगदाणे आहेत. लेकराने स्वतःच्या हाताने वाटावे. त्यात त्याला जो आनंद होतो, तो पिशवीपेक्षा कमी नसतो. फक्त तीन-चार वर्षांखालच्या लहानग्यांना शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खे हरभरे देऊ नयेत. श्वासनळीत अडकण्याचा धोका असतो. त्यांना लाडू किंवा पिकलेले केळे कुस्करून द्यावे.

बाजारातलीच वस्तू द्यायची तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे का. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे आहे. आठवडी बाजारातल्या ढिगातल्या कितीतरी खेळण्यांवर ते दिसत नाही. दुसरी गोष्ट, लुकलुकणाऱ्या खेळण्यात गुंडीएवढा चपटा सेल असतो. तो लेकराने गिळला तर अन्ननलिका काही तासांत आतून भाजते. असे झाल्यास घरगुती उपाय न करता तडक मोठा दवाखाना गाठावा. तिसरी गोष्ट, फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान लेकराच्या हाती राहू देऊ नये. तोही घशात बसतो.

ग्रामपंचायतीनेही लक्ष घालावे असा भाग यात आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. फुग्याच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे फलक त्या यादीत आहेत. वाढदिवसाच्या सामानातल्या अनेक वस्तू यातच मोडतात. दुसऱ्या दिवशी हे सगळे उकिरड्यावर जाते, तिथून शेणखताबरोबर रानात, आणि नांगराच्या फाळाला गुंडाळून वर येते. चगळचोथा खाता खाता ते जनावराच्या पोटातही जाते. पंगतीला पळसाच्या पत्रावळी किंवा घरातली ताटे घेतली तर पैसाही वाचतो.

शाळेचा हजेरीपट

शाळेतले चॉकलेट हाही याच पिशवीचा धाकटा भाऊ. वाढदिवस असला की नवा ड्रेस घालून वर्गभर चॉकलेट वाटायचे. ज्याच्या घरी जमत नाही, ते लेकरू त्या दिवशी पोट दुखते म्हणून घरीच राहते. गुरुजींना हे माहीत असते.

याला शासनाच्याच योजनेत एक चांगली वाट आहे. शालेय पोषण आहाराची जी योजना २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालते, तिच्यात गावकऱ्यांनी सण, वाढदिवस किंवा स्मृतिदिनी शाळेतल्या मुलांना जेवण, फळे किंवा गोड पदार्थ द्यावा, अशी सोय आहे. मूळ कल्पना गुजरातेतल्या तिथी भोजनाची, आपल्याकडे तिला स्नेहभोजन म्हणतात. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोलावे लागते. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी, त्यात एका शिक्षकाने, अन्न चाखून पाहायचे असते. पूर्ण जेवण जमत नसेल तर प्रत्येकी एक केळे किंवा शिऱ्याचा एक डाव एवढेही चालण्यासारखे आहे. इथे यादीचा प्रश्नच मिटतो. शाळेचा हजेरीपट ही गावातली एकच यादी अशी आहे, जिच्यात जात, जमीन आणि आहेर पाहून नाव घातलेले नसते.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील रानमळा गावाने आणखी एक रीत पाडली. घरात लेकरू जन्मले, लग्न झाले, कोणी परीक्षेत यश मिळवले की त्या घराला रोप द्यायचे आणि त्या घराने ते जगवायचे. पुढे राज्य शासनाने ही रीत रानमळा पॅटर्न म्हणून इतर गावांनीही घ्यावी असे ठरवले. आपल्याकडे पाण्याची ओढ असते हे खरे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून रोप पावसाळ्यात द्यावे आणि चिंच, कडुलिंब, बोर, सीताफळ असे कमी पाण्यावर तगणारे द्यावे. गावाकडून मिळालेली भेट सगळ्या घरांना सारखी असते. ती कोणाला परत करावी लागत नाही.

आणि जाता जाता पालकांना एक सांगणे. वाढदिवस केला नाही तरी लेकराचे काही अडत नाही, पण जन्माची नोंद २१ दिवसांत झालीच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. गुरुजींनी १ जून लिहून भागण्याचे दिवस गेले.

त्या मुलीचा वाढदिवस

आमच्या सालगड्याला भावाने उचल दिली, नाही म्हणायला तोंड नव्हते. पण आईने त्याच्या बायकोला बोलावून घेतले. म्हणाली, "पिशव्या आणू नको माय. आमी आणल्या त्याच चुकल्या. हरभरे मी देते, घुगऱ्या घाल." आणि पायलीभर हरभरे तिच्या पदरात घातले. भावजय शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी फोडणीचे सामान घेऊन तीच त्यांच्या घरी गेली.

वाढदिवसाला त्यांच्या अंगणात किती लेकरे होती, ते सांगता येणार नाही. कोणी मोजली नाहीत. मुलगी नव्या फ्रॉकमध्ये, हातात पातेले, आणि प्रत्येकाच्या हातावर पळीभर घुगऱ्या. तिचा धाकटा भाऊ मागे मागे गुळाचे खडे वाटत होता. आमचा पुतण्या दोनदा रांगेत उभा राहिला. तिने दोन्ही वेळा वाढले.

दुसऱ्या दिवशी सालगडी कामावर आला तेव्हा त्याने उचलीतले चौदाशे रुपये परत आणून दिले. सहाशे फ्रॉकला आणि गुळाला गेले होते. भावाने ते वहीत मांडून घेतले. पुतण्याच्या पुढच्या वाढदिवसाला काय करायचे, हे घरात कोणी पुन्हा काढले नाही. भावजयीने मात्र यंदा बांधाकडेची दोन तासे भुईमूग जास्त पेरायला सांगितले आहे.